बहिणीला रोख द्यावी की किराणा भरून द्यावा?

घणसोलीहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं आटोपतं करून देते.

"ताई, मी महापेच्या एका कंपनीत कामाला आहे. हातात 27 हजार येतात. बायको साड्यांना फॉल-बिडिंग करते, दोन मुलं आहेत. माझी धाकटी बहीण मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे एका गावात दिलीय. मेव्हणे अडीच वर्षांपूर्वी काविळीने गेले. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. सासू, दीर, जाऊ त्याच घरात, चूल वेगळी. तिला लाडकी बहीणचे 1500 मिळतात आणि मी महिन्याला 2500 पाठवतो. भाऊबीजेला गेलो तर तिने साडेनऊ हजारांचा मोबाईल हप्त्यावर घेतलेला. म्हणाली, इतके दिवस आधार, बँक, सगळं दिराच्या नंबरवर होतं. मग तीन शेळ्या घेतल्या, त्यातली एक मेली. पहाटे भेंडी तोडायला जायची, अडीचशे रुपये रोज पडायचा, तेही डिसेंबरपासून बंद केलं. घरीच असते, नवऱ्याच्या वाटच्या तुकड्यात वाल टाकलाय म्हणते. पोरगी मात्र आता रोज शाळेत जाते. बायको म्हणते, रोख देऊ नका, किराणा भरून द्या. सासरचे म्हणतात, फुकटच्या पैशाने बाई सुस्तावली. हिशोब विचारला की बहीण गप्प बसते. सरकार देतंच आहे तर मी माझे कमी करू का? आणखी कुठली योजना तिला लागू होईल? राग नाही, पण बरं वाटत नाही."

भाऊ, तुमच्या पत्रातली दोन वाक्यं तुम्ही तक्रारीच्या ओघात लिहून पुढे निघून गेलात. एक, 'सगळं दिराच्या नंबरवर होतं.' दुसरं, 'पोरगी मात्र आता रोज शाळेत जाते.' मी त्या दोन वाक्यांपाशीच थांबले.

पहिलं घ्या. पंधराशे रुपये खात्यात पडले की मेसेज वाजतो तो ज्याचा नंबर असेल त्याच्या खिशात. म्हणजे तुमच्या बहिणीचे पैसे आलेले तिच्या आधी दिराला कळायचे. दीर वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखतही नाही. पण पैसे आल्याचं घरात फुटलं की सासूच्या गोळ्या, जावेच्या पोराचा गणवेश, गॅसची टाकी, असं एकेक मागणं तिच्या चुलीपाशी येऊन बसतं, आणि नवरा गेलेल्या सुनेला त्या घरात 'नाही' म्हणायची सोय नसते. ओटीपीचं तर विचारूच नका. दीर शेतावर गेला असेल तर बाईने सेतूत ताटकळत बसायचं, तोवर ओटीपीची मुदत संपते, उद्या पुन्हा या. 2025 मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला होता. ज्यांचे दोघंही हयात नाहीत त्या अडकल्या. मग मुदत वाढवून मिळाली आणि मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे देण्याची वाट निघाली. तुमच्या बहिणीचं ते काम पुरं झालंय का, हे आधी विचारा. मोबाईल कशाला घेतला, हे नंतर विचारलंत तरी चालेल. किंवा नाही विचारलंत तरी.

तो हप्त्यावर घेतला हे मात्र मलाही पटलं नाही. दुकानातला माणूस 'बिनव्याजी' म्हणतो आणि प्रोसेसिंगच्या नावाने वसूल करतो. किती हप्ते राहिलेत ते पाहा आणि जमलं तर एकरकमी फेडून टाका. एक हप्ता चुकला की वसुलीचे फोन सुरू होतात, आणि ते तुम्हाला येत नाहीत, तिला येतात.

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगते, कारण तुमचं पत्र वाचताना तीच डोळ्यांपुढे होती. आम्ही शहापूर तालुक्यातले, किन्हवलीच्या बाजूचे. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांची. माझा मामा लालबागला गिरणीत होता, तो दर महिन्याला पन्नास रुपयांची मनीऑर्डर करायचा. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कूपन असायचं, दोन-चार ओळी लिहिण्यापुरतं. मामाचे शब्द ठरलेले: 'रु. 50 पाठवले. मुलांना दूध घेणे. हिशोब कळवणे.' पोस्टमन ओटीवर बसून ते मोठ्याने वाचायचा, म्हणजे शेजारच्या तीन घरांना कळायचं की आईने हिशोब द्यायचाय. एका महिन्यात आईने त्यातून बॅटरी घेतली, तीन सेलची, पत्र्याची. मामा गणपतीला आला तेव्हा ती भिंतीला टांगलेली दिसली. 'दूध घ्यायला सांगितलं तर ही चैन?' म्हणाला. आई काही बोलली नाही. घरात संडास नव्हता. मी वयात येत होते. पावसाळ्यात अंधारात शेताच्या बांधावर जायचं, आणि त्या आठवड्यात गावात मण्यार चावून एक जण गेला होता. हे सगळं भावाला कसं सांगायचं? म्हणून ती गप्प बसली.

तुमची बहीण गप्प बसते ती कशामुळे, ते मला ठाऊक नाही. पण हिशोब विचारल्यावर गप्प बसणारी प्रत्येक बाई काहीतरी लपवतेच, असं धरू नका. पुष्कळदा सांगण्यासारखं कारण असतं, पण ते भावासमोर सांगण्यासारखं नसतं.

दुसरं वाक्य, पोरीच्या शाळेचं. भेंडी पहाटे तोडावी लागते, ऊन चढायच्या आत. अंगावर खाज सुटते, बोटं काळी पडतात. बाई साडेचार-पाचला घर सोडते ती दुपार करून परत येते. मग सकाळी धाकट्या भावाला उठवणं, भाकरी टाकणं, पाणी भरणं कोण करत होतं? आठवीतली पोरगी. तुम्हीच लिहिलंय की ती 'आता' रोज जाते. म्हणजे आधी जात नव्हती. आठवी-नववीत गळालेली मुलगी परत वर्गात येत नाही, तिच्यासाठी स्थळं यायला लागतात. तुमच्या बहिणीने अडीचशेचा रोज सोडला तो फुकटच्या पैशाने सुस्तावून नव्हे. पोरीची शाळा तिने तुमच्या आणि सरकारच्या मिळून येणाऱ्या चार हजारांतून विकत घेतलीय. सौदा महाग आहे, हे कबूल. महिन्याचे बावीस रोज धरले तर साडेपाच हजार होतात, ते सोडून चार हजारांवर संसार करायचा म्हणजे पोटाला चिमटा आहेच. पण तो चिमटा कुणाच्या पोटाला घ्यायचा, ते तिने ठरवलं. आणि घरी 'नुसती' असते म्हणावं, तर वाल कोणी टाकला? भात काढल्यावर जमिनीत ओल असते तोवर वाल टाकायचा, राखायचा, शेंगा तोडायच्या, ही मजुरी नाही का? फक्त तिचा रोज कुणी मोजत नाही.

हे काही एकट्या तुमच्या बहिणीचं नाही. 2011-12 मध्ये मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यातल्या काही गावांत 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने एक प्रयोग केला. गावातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला रोख द्यायची, अट काही नाही. मोठ्यांना आधी 200 आणि पुढे 300, मुलांना 100 आणि पुढे 150, मुलांचे पैसे आईच्या हाती. पाहणी करणाऱ्यांना काय दिसलं? घरातलं खाणं सुधारलं, मुलांची वजनं सुधारली, शाळेतली हजेरी वाढली, गुरंढोरं-शेळ्या वाढल्या. आणि लोक काम सोडून बसले नाहीत. दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी थोडी कमी करून स्वतःच्या तुकड्यात राबायला लागले. दारूवरचा खर्च वाढल्याचंही दिसलं नाही, जी भीती आपण सगळे चहा पिता पिता एकमेकांना सांगत असतो. शेळ्या, पोरांची शाळा, स्वतःची शेती. तुमच्या पत्रातल्या तक्रारींची यादी आणि ही यादी शेजारी ठेवून पाहा.

किराण्याकडे येते. तुमच्या बायकोचं म्हणणं वाईट हेतूचं नाही, पुष्कळांना तसंच वाटतं. सरकारलाही वाटतं. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर, 2020 मध्ये, राज्याने आदिवासी कुटुंबांना खावटी अनुदान जाहीर केलं, कुटुंबामागे 4000 रुपये. त्यातले 2000 खात्यात आणि 2000 चा किराणा: मटकी, चवळी, डाळी, साखर, तेल, मसाला, मीठ, चहा. तुमच्या बहिणीच्या गावाशेजारच्या पाड्यांवर विचारा. खात्यातले पैसे येऊन संपले तरी सामानाच्या गाडीची वाट बघणं चालू होतं. शिवाय कुणाच्या घरात काय आहे आणि काय नाही, हे मंत्रालयातून ठरवता येत नाही, तसं घणसोलीतूनही येत नाही.

तुमच्या बहिणीच्या घरात काय कमी आहे बघू. रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी पाच किलो, म्हणजे तिघांचं पंधरा किलो धान्य फुकट मिळतं. अंत्योदय असेल तर 35 किलो. तुकड्यातलं भात वेगळं. म्हणजे तुम्ही डीमार्टातून तांदळाची गोणी घेऊन एसटीत चढवलीत तर जे घरात आहे तेच नेऊन दिलंत. तिला अडतं ते इथे: पोराला ताप आला तर मुरबाडला न्यायचं भाडं आणि डॉक्टर. पोरीचे पॅड. रिचार्ज. वह्या. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तरी ते अर्धं रोखच द्यावं लागतं. आणि हसू नका, पण आहेर. नणंदेच्या मुलीचं लग्न आहे आणि हातात पाकीट नाही, म्हणून मांडवात मागे उभी राहिलेली बाई मी पाहिलीय. किराण्याच्या पिशवीतून आहेर निघत नाही. मग काय होतं सांगू? त्याच पिशवीतली तूरडाळ दुकानदाराला निम्म्या भावाने परत विकून बाई पैसे उभे करते. मी बँकेत होते तरी हे मला बँकेत कळलं नाही, आमच्या कामवालीकडून कळलं.

किराणा भरून द्यायचा एकच प्रसंग मला मान्य आहे: घरात पैसे हिसकावणारा पुरुष असेल तर. तसं काही तुमच्या पत्रात दिसत नाही.

बायकोबद्दल दोन शब्द, कारण या पत्रात ती उगीच खलनायिका होऊ पाहतेय. सत्तावीस हजारांत घणसोलीत चार माणसांचं घर, भाडं, शाळेची व्हॅन, आणि त्यातले अडीच हजार दर महिन्याला बाहेर जातात. एका फॉल-बिडिंगचे किती मिळतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. अडीच हजार म्हणजे किती साड्या होतात, हे तिने मनात नक्की मोजलेलं आहे. तो आकडा ठरवताना तुम्ही तिला विचारलं होतं का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. मग ती वस्तूंवर घसरते, कारण रकमेबद्दल बोलायला तिला जागाच ठेवलेली नाही. दोघं बसा, झेपेल तो आकडा ठरवा. दोन हजार ठरला तर दोन हजार. पण मग तो तारखेला गेला पाहिजे. आणि पैसे तिच्या फोनवरून जाऊ द्या. नणंद-भावजय महिन्यातून एकदा सरळ बोलल्या तर तुम्हाला जो हिशोब चार महिन्यांत मिळाला नाही तो त्यांच्या दहा मिनिटांच्या बोलण्यात आपोआप निघेल. पॅडचा खर्च नणंद भावजयीला सांगेल, भावाला नाही.

'सरकार देतंच आहे तर कमी करू का?' कमी करायचे तर तुम्हाला झेपत नाहीत म्हणून करा. सरकार देतंय म्हणून करू नका. 1500 रुपये 2024 च्या जुलैपासून सुरू झाले. निकष बदलतात, पडताळण्या होतात, नावं गळतात, कधी दोन महिन्यांचे एकदम येतात. तो पैसा चांगला आहे, पण त्याच्या भरवशावर वायदे करता येत नाहीत. तसा तुमचाही नाही, खरं तर. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमची मनीऑर्डर बंद पडली. मामाचा काय दोष? त्याचंच घर उघडं पडलं. त्या दोन वर्षांत आम्ही तरलो ते कशावर, ते पुढे सांगते.

आधी योजना. हे जरा नीट वाचा.

संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिन्याला 1500 मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. लाडकी बहीण आणि निराधार हे दोन्ही एकीला मिळत नाहीत, तेव्हा कुणी 'दोन्ही करून देतो' म्हणून हजार-पाचशे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. तिचं एक चालू आहे, ते चालू ठेवा.

तिच्या हक्काचं जे राहिलंय ते मुलांच्या नावाचं आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. बाप किंवा आई गेलेल्या, घरीच वाढणाऱ्या मुलासाठी महिन्याला 2250 रुपये, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. हे मुलाचे पैसे असतात, आईच्या लाडकी बहीणशी त्याचा संबंध नाही. दोन मुलांचे साडेचार हजार होतात, म्हणजे तुमच्या-सरकारच्या मिळून आत्ताच्या चार हजारांपेक्षा जास्त. अडीच वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नाही, याचं मला नवल वाटत नाही. ही योजना पोस्टरवर फारशी नसते. अर्ज ठाण्याला जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात होतो, आदेश बाल कल्याण समिती देते, मध्ये घरी येऊन पाहणी होते. मृत्यूचा दाखला, आईचं आणि मुलांचं आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पासबुक, एवढं जमवा. घणसोलीहून ठाणे तुम्हाला लोकलने अर्धा तास, तिला मुरबाडहून दिवस मोडावा लागतो. चौकशीची पहिली फेरी तुम्हीच मारा. आणि मंजूर झालं तरी पैसे पहिल्या तारखेला येतील असं धरू नका. रखडतात, मग काही महिन्यांचे एकदम येतात.

मेव्हण्यांच्या वेळी राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचा अर्ज केला होता का? दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता माणूस साठीच्या आत गेला तर एकदाच 20 हजार मिळतात. तहसील कार्यालयात विचारून घ्या.

आता एक बँकेतली गोम, जी मी काउंटरवर बसून शंभरदा समजावली असेल. फॉर्मवर खातं कुठलंही लिहा, थेट लाभाचे पैसे आधारवर चालतात आणि आधारला जी बँक शेवटची जोडली गेली तिथे जाऊन पडतात. मुरबाडच्या बाजूची एक बाई पाच महिने फेऱ्या मारत होती, तिच्या पासबुकात काहीच येईना. शेवटी निघालं काय, तर सिमकार्ड घेताना दुकानदाराने दोनदा अंगठा घेतला होता आणि त्यात तिचं एक पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं होतं. पाचही महिन्यांचे पैसे तिथे निवांत पडून. तिने ते आकडे बघितले आणि आधी मला शिव्या दिल्या, मग चहा पाजला. बहिणीच्या नव्या मोबाईलवर आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंगची स्थिती दिसते, फक्त आधारला आता तिचाच नंबर जोडलेला हवा. आधारचा आणि बँकेतला नंबर बदलून घ्यायचा राहिला असेल तर मोबाईल घेऊनही ओटीपी आणि मेसेज अजून दिरालाच जात असतील. गावातल्या अंगठा लावून पैसे देणाऱ्याकडे ती जाते का, तो दर वेळी वीस-तीस रुपये कापतो का आणि पावती देतो का, हेही पाहा. पोस्टमनकडेही अंगठ्यावर पैसे निघतात.

शेळ्यांचं फार मनाला लावून घेऊ नका. तीनातली एक मेली, दोन आहेत. शेळी ही पावसाळ्यातली सोय असते. श्रावण-भाद्रपदात भात उभं असतं, हाताला काम नसतं, तेव्हा बोकड विकून महिना निघतो. फक्त पावसाआधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या विषबाधेची, लस देऊन घ्यायला सांगा. कोवळं हिरवं गवत आलं की तेच घात करतं.

आता राहिलं ते संपाच्या वेळचं. मामाला वाटायचं, त्याच्या पैशावर बहीण 'शहापूरला हिंडते'. ती आठ-नऊ वेळा तालुक्याला गेली होती, एसटीने, दर वेळी एक दिवसाची मजुरी बुडवून. सातबाऱ्यावर वडिलांच्या जागी तिचं आणि आम्हा भावंडांचं नाव लावायला. काकांनी 'मी बघतो' म्हणून दीड वर्ष काढलं होतं. नाव लागलं 1981 मध्ये. पुढच्या साली मनीऑर्डर थांबली तेव्हा सोसायटीने पीककर्ज दिलं ते तिच्या नावावर, कारण उतारा तिच्या नावचा होता. त्यावर बी आणलं, आवणीची मजुरी दिली. मामाने शेवटपर्यंत त्या एसटीच्या तिकिटांना उधळपट्टीच म्हटलं. तो माझा लाडका मामा होता, तरी सांगते.

तेव्हा तुमच्या बहिणीने वाल टाकलाय तो तुकडा कुणाच्या नावावर आहे, हे तिला विचारू नका, स्वतः बघा. सातबारा ऑनलाईन दिसतो. मेव्हण्यांचं नाव तसंच असेल किंवा सगळं सासऱ्यांच्या नावावर असेल, तर वारस नोंद राहिलीय. कायद्याने विधवा आणि मुलं ही पहिल्या वर्गाची वारस, कुणाची मेहरबानी लागत नाही. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग फेरफार. दिराशी हे बोलणं भावाने केलेलं बरं. तेही आवाज न चढवता, सासूसमोर, जेवण झाल्यावर. तिला त्याच घरात राहायचंय.

रक्कम कशी द्यावी, याचं एक सुचवते. केनियाच्या पश्चिम भागातल्या खेड्यांत असेच बिनअटीचे पैसे दिले गेले, काहींना महिन्याच्या महिन्याला, काहींना एकदम. ज्यांना महिन्याला मिळाले त्यांच्या ताटात जास्त फरक पडला. ज्यांना एकदम मिळाले त्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. तिथे पुष्कळांनी गवताचं छप्पर काढून पत्रे घातले, जे आपल्याकडे मुरबाड-शहापुरात कुणालाही पटेल. तुम्ही दोन्ही करू शकता. महिन्याला दोनशे-अडीचशे मागे ठेवा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ते एकदम द्या. मृग लागतो, शाळा उघडायला येतात, बी आणि वह्या एकाच आठवड्यात दारात उभ्या राहतात. त्या आठवड्यात हातात अडीच हजार असतील तर सावकाराचा उंबरा चढावा लागत नाही. कशाला दिले ते सांगू नका. तिला कळेल.

हिशोबाचं म्हणाल तर तो विचारायचा बंद करा. 'कसं चाललंय?' एवढंच विचारा आणि उत्तराला वेळ द्या.

या रविवारी जमत असेल तर जाऊन या. बायकोला न्या. बालसंगोपनाच्या अर्जाला आणखी एक गोष्ट लागते ती मी वरच्या यादीत लिहिली नाही: घरासमोर उभं राहून आई आणि मुलांचा एकत्र फोटो, पोस्टकार्ड आकाराचा. तो तिच्या नव्या मोबाईलवर काढा आणि मुरबाडच्या स्टँडपाशी दोन प्रती छापून घ्या. सकाळी काढा, दुपारी पत्र्याची सावली तोंडावर येते. तुम्ही फोटोत उभे राहू नका, अर्ज परत यायला नको.